फळ्यांमागचा दोर

लहानपणी पूल म्हणजे मला नुसत्या फळ्या वाटायच्या. मोखाड्यातल्या आमच्या पाड्याखाली नदी आणि शाळा पलीकडच्या टेपाडावर. मध्ये दोन पोलादी दोर, त्यांना लोंबणाऱ्या सळया, सळयांना आडवे वासे आणि वाशांवर ऐनाच्या फळ्या. कुठली डुगडुगते, कुठल्या फळीचा खिळा वर आलाय, हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं. श्रावणात फळ्यांवर शेवाळ चढे. मग चपला हातात घेऊन आम्ही जपून पावलं टाकायचो. नागलीचं गाठोडं डोक्यावर घेऊन खोडाळ्याच्या बाजाराला निघालेली आजी जाता जाता टाचेनं फळी दाबून बघे. आवाज बद्द आला, की ती फळी बदलायला झाली.

फळी वरून कुजत नाही, हे सुताराच्या हाताखाली काम करताना कळलं. पाणी मुरतं ते फळी आणि वासा यांच्या सांध्यात, खिळ्याच्या भोकात, कापलेल्या टोकांत. म्हणून दोन फळ्यांमध्ये बोटभर फट सोडायची. सुतार खाली वाकून टोच्या खुपसून बघे. बाहेरचं पांढरट लाकूड आधी जातं, आतला गाभा टिकतो. लाकडाचं एक बरं असतं: ते जाण्याआधी वाकतं, करकरतं, सांगून जातं.

दोर तसं सांगत नाही. पूल फार हलतो, दोर ताणून घ्या, असा आम्हा पोरांचा धोशा असे. मिस्त्री ऐकत नसे. पुढे डिप्लोमाला गेल्यावर त्याच्या नकारामागचं गणित उलगडलं: दोराचा झोळ निम्मा केला, तर तेवढ्याच वजनाला त्यातला ताण जवळजवळ दुप्पट होतो. मग माझी नजर फळ्यांवरून खाली उतरली. काठावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यात दोर अडकवलेला असतो, तिथले क्लॅम्प पाहू लागलो. क्लॅम्पचा यू आकाराचा बोल्ट दोराच्या मोकळ्या टोकावर यायला हवा. उलटा बसवला, तर तो वजन पेलणारा दोरच चेपतो. आणि तारेच्या दोराच्या पोटात तागाचा, तेल पाजलेला गाभा असेल, तर ते तेल आटल्यावर गंज आतूनही धरतो. वरून दोर धडधाकट दिसत राहतो.

30 ऑक्टोबर 2022 ला गुजरातेत मोरबीचा झुलता पूल पडून 135 माणसं गेली. चौकशीत निघालं, की मुख्य दोराच्या 49 तारांपैकी 22 गंजलेल्या होत्या. दुरुस्तीत जुन्या लाकडी फळ्या काढून ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले होते. ते वाचताना आमचा दोर आठवला. पायाखालचं नवं झालं, की माणसं निर्धास्त होतात.

पण आमच्याकडचं दुखणं गंजाच्याही आधी सुरू होतं. वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्यांच्या खोऱ्यांत पुलाचं काम करायचं ते पाणी उतरल्यावर, दिवाळी ते वैशाख. नेमके त्याच दिवसांत जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होतात. भात-नागली झोडून झाली, की घरंच्या घरं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि काही पोरं. परततात ते पावसाच्या तोंडावर, तेव्हा फळी बदलायला जेमतेम काही दिवस उरतात आणि घरही शाकारायचं असतं.

लाकूड काढून लोखंड घातलं, म्हणजे पूल टिकतोच असं नाही. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात शेंद्रीपाड्याच्या बाया तास नदी लाकडी बल्ल्यांवरून ओलांडायच्या. त्यांचे फोटो गाजल्यावर जानेवारी 2022 मध्ये तिथं लोखंडी पूल आला. त्याच वर्षी जुलैच्या पुरानं तो नेला आणि बाया पुन्हा बल्ल्यांवर आल्या.

एखाद्या पाड्यात आता पूल दाखवायला नेलं, तर मी फळ्या बघतो, क्लॅम्प बघतो, पण त्याआधी विचारतो, की माघात गावात कोण असतं. महाराष्ट्रानं 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला. त्या हमीची कामं माघ-फाल्गुनात पाड्यातच मिळाली, मजुरी वेळेवर हातात पडली, तर माणसं भट्टीवर जाणार नाहीत, निदान सगळी जाणार नाहीत. मग फट साफ करायला, दोराला ग्रीस लावायला, कुजकी फळी उचकटायला हात असतील. पुलाच्या अंदाजपत्रकात सिमेंट, सळई, मजुरी सगळं मांडलेलं असतं. पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात पाड्यात थांबणाऱ्या दोन माणसांची मजुरीही त्यात धरायला हवी.