साहेबाले सांगाचं कसं?

आयटीआयमध्ये ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’ नावाचा एक विषय असतो. पोरं त्याला ‘ईएस’ म्हणतात आणि ईएसचा तास म्हणजे वर्कशॉपमधून सुटका, असं समजतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तो विषय मी तासिका तत्त्वावर शिकवतो. २०२२ साली त्याचा नवा अभ्यासक्रम आला. पहिल्या वर्षाला १२० तास, आणि त्यात संविधानातली मूल्यं, इंग्रजी, संवादकौशल्य, डिजिटल व्यवहार, पैशाचं नियोजन, ग्राहकसेवा, उद्योजकता असं बरंच काही. परीक्षा संगणकावर. ‘प्रभावी संवाद म्हणजे काय’ या प्रश्नाला पोरं बरोबर पर्याय निवडतात, आणि व्हरांड्यात प्राचार्य दिसले की खांबाआड होतात.

ही पोरं-पोरी पांढरकवडा, घाटंजी, झरी भागातल्या खेड्यांतून येतात. कुणी कोलामांच्या पोडावरचं, कुणी बंजारा तांड्यावरचं. घरी कोलामी, गोंडी नाहीतर गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी, मोबाइलमुळे हिंदी. तेलंगणात सोयरीक असेल तर तेलुगूसुद्धा. इतक्या भाषांत वावरणाऱ्या पोरांना ‘कम्युनिकेशनमध्ये कच्ची’ म्हणणं मला पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. पण काहीतरी अडतं, हे खरं.

ते काय, हे मला वर्गात कळलं नाही; परत आलेल्या पोरांकडून कळलं. इथून शिकून कुणी मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यात लागतं, कुणी वणीकडच्या कोळसा खाणीत ठेकेदाराकडे, कुणी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत. बरेच जण बुटीबोरी गाठतात, नाहीतर थेट चाकण-रांजणगाव. त्यातले काही चार-सहा महिन्यांत घरी दिसतात. आई सांगते, तिकडचं पाणी मानवलं नाही. पोराशी निवांत बोललं की खरं कारण निघतं.

एक जण पोळ्यासाठी गावी आला. घरची बैलजोडी, तोरणाखाली उभी करायला घरात दुसरं कुणी नाही. सुट्टीचा अर्ज नाही, फोन नाही. परत गेला तर गेटवर नाव कमी केलेलं. “सुपरवायझरचा नंबर नव्हता का तुझ्याकडे?” मी विचारलं. “होता न सर. पण विचारलं असतं अन् नाही म्हणलं असतं तर?” दुसऱ्याला ड्रॉइंगमधलं एक माप लागत नव्हतं. विचारायचं कुणाला, या विचारात त्याने अंदाजाने काम केलं आणि तयार झालेला सगळा माल भंगारात गेला. मला भेटलेल्यांपैकी इंग्रजी येत नाही म्हणून कुणी परतलेलं नव्हतं. सगळ्यांची अडचण एकच होती: साहेबाले सांगाचं कसं?

याचा दोष मी पोरांना देत नाही. घरच्या शेतात सांगावं लागतच नाही. बाप धुऱ्यावर उभा असतो. डवरा मोडला तर त्याला दिसतो. मजुरीला गेलेल्याने ‘हे माझ्याकडून बिघडलं’ म्हटलं की हजेरी कापली जाते. शाळेत शंका विचारली की गुरुजी म्हणतात, “लक्ष कुठं होतं?” गप्प राहणं हे या पोरांनी कमावलेलं शहाणपण आहे, आणि आजवर त्याने त्यांना वाचवलं आहे. कारखान्यात मात्र काम तीन पाळ्यांत वाटलेलं असतं. रात्रपाळीला येणाऱ्याला दुपारी काय घडलं ते कुणी सांगितलं तरच कळतं. तिथे गप्प राहणारा स्वतःही अडकतो आणि मागून येणाऱ्यालाही अडकवतो.

म्हणून इलेक्ट्रिशियनच्या शिल्पनिदेशकांना गाठून मी माझा तास वर्कशॉपमध्ये नेला. मोटरच्या डीओएल स्टार्टरची जोडणी करायची: कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, हिरवं आणि लाल पुश बटन. एका जोडीने अर्धं काम करायचं, शिट्टी वाजली की लॉगबुकात नोंद करून बाहेर जायचं. दुसऱ्या जोडीने पुढे न्यायचं. सप्लायचा ताबा निदेशकांकडे. पहिल्या जोडीने लिहिलं, ‘काम चालू आहे.’ बस. दुसऱ्या जोडीने उरलेलं पूर्ण केलं आणि हिरवं बटन दाबलं. मोटर फिरली, बोट उचललं, मोटर बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. होल्डिंग कॉन्टॅक्टची वायर जोडायची राहिली होती.

“हे तुम्हाला माहीत होतं?” मी पहिल्या जोडीला विचारलं.

“माहीत होतं सर. त्यायले दिसनच वाटलं.”

तेव्हापासून नोंदीत चार गोष्टी आल्याच पाहिजेत, असा नियम केला: काय झालं, काय राहिलं, शंका कुठे आहे, हात कशाला लावायचा नाही. काही आठवड्यांनी एका मुलीने लिहिलं, ‘होल्डिंगची वायर राहिली. रिलेचा स्क्रू ढिला वाटते, पाहून घेजो. सप्लाय देऊ नको.’ मी त्यातली भाषा सुधारली नाही. पाळी बदलतानाची याहून चांगली नोंद मी तरी वाचलेली नाही.

हेच पगाराच्या बाबतीत. पगारपत्रक कसं वाचायचं ते मी फळ्यावर मांडतो: मूळ वेतन, त्यावर १२ टक्के पीएफ, पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचा पाऊण टक्का. आकडे पोरांना लगेच कळतात. कपात होते पण पीएफ खात्यात जमा होते की नाही, हे ठेकेदाराला विचारायची वेळ आली की तोंड उघडत नाही. म्हणून “साहेब, माझा पीएफचा यूएएन नंबर कोणता?” हे वाक्य प्रत्येकाला उभं करून म्हणायला लावतो. पहिल्यांदा वर्ग हसतो. आपलं काम बिघडलं हे सांगणं आणि आपला हक्काचा पैसा कुठे आहे हे विचारणं, दोन्हीला लागणारी हिंमत एकच आहे.

मुलाखतीसाठी टाय कसा बांधावा, हस्तांदोलन कसं करावं, हे शिकवायला अधूनमधून शहरातून पाहुणे येतात. त्याने नुकसान काही होत नाही. पण नोकरी टिकते ती वेळेवर सांगण्याने आणि न लाजता विचारण्याने, असं माझं स्पष्ट मत आहे. ते शिकवायला बारमाही सराव लागतो, आणि तो निम्मा आमच्या हातात आहे. उरलेला निम्मा कारखान्यातल्या सुपरवायझरांच्या हातात. त्यांना एकच विनंती: आमचं पोरगं पहिल्यांदा “साहेब, हे माझ्याकडून बिघडलं” म्हणत येईल, तेव्हा आधी मशीन पाहा, मग त्याला काय बोलायचं ते बोला. त्या दिवशी सगळ्यांसमोर झापलंत, तर पुढचा बिघाड तुम्हाला मशीन बंद पडल्यावरच कळेल.