फटफटीचा आवाज आणि अर्जुनीची शांतता

दिवसभर ऑफिसात हेडफोन लावून बसणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी आवाजच का हवा असतो, कोण जाणे! मला मात्र हवा होता. क्रूझर घेऊन दोन वर्षं झाली होती, निम्मे ईएमआय फिटले होते आणि मूळ सायलेन्सरचा आवाज आता शिवणयंत्रासारखा वाटायला लागला होता. मग काय, नागपुरातल्या एका दुकानातून अडीच हजारांचा स्लिप-ऑन बसवून घेतला. म्हणजे इंजिनाकडून येणारा बेंड पाइप तोच ठेवायचा, फक्त मागचं नळकांडं बदलायचं आणि क्लॅम्प आवळायचा. अर्ध्या तासाचं काम. स्टार्टर दाबला आणि पार्किंगमधली कबुतरं उडाली. दिल खुश!

पहिली लाँग राइड ठरली मामाच्या गावाला, अर्जुनी मोरगावला. गोंदिया जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. (हायवेवरची सडक अर्जुनी वेगळी बरं का, फसू नका!) भंडारा, साकोली करत कोहमाऱ्याला वळलो, की हायवे सुटतो आणि जंगल, धानाची शेतं, तलाव सुरू होतात.

नवेगावबांधला थांबलो. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून याच परिसरात बरीच वर्षं घालवली. १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ पासून हे जंगल नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. हिवाळ्यात इथे स्थलांतरित बदकं उतरतात. ती मलाही दिसली, पण उडताना! काठाजवळ गाडी नेली आणि सगळा थवा पाण्यावरून उठला. दुर्बीण लावून बसलेल्या एका काकांनी नुसतं वळून पाहिलं. बोलले काहीच नाहीत. तेच जास्त लागलं.

पुढे मामाच्या गल्लीत शिरलो. आजी नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती, अंगणात खाटेवर पडली होती. गाडी दारात येताच ती दचकून उठली. हातातला चहा लुगड्यावर सांडला. मामा म्हणाला, ‘‘तू येऊन रायला हे गल्लीच्या तोंडावरच समजलं ना बे!’’ सगळे हसले. आजीचा हात मात्र बराच वेळ थरथरत होता. त्या संध्याकाळी मी गाडी ढकलतच गल्लीबाहेर नेली.

दुसऱ्या दिवशी मामाच्या साध्या गाडीवर इटियाडोह धरणाकडे गेलो. त्याच रस्त्यावर पाखरं ऐकू आली, वारा ऐकू आला आणि मागे बसलेल्या मामाच्या गप्पाही! इतक्या लांब आपण येतो कशासाठी, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

येताना गावातल्या मिस्त्रीला गाडी दाखवली. गिअर उतरवताना ती फटाके फोडायची आणि मी ते फीचर समजत होतो. मिस्त्रीने जोडाजवळ हात धरला. तिथून हवा लीक होत होती. पाइपचं माप थोडं मोठं, गॅस्केट नाही, क्लॅम्प ढिला. वर आवाज दाबणारी आतली जाळी, म्हणजे डीबी किलर, दुकानदाराने आधीच काढून टाकलेली. स्वस्तात घेतलं ते चुकलं नव्हतं. न बघता घेतलं ते चुकलं.

आता माझ्या गाडीवर मूळ सायलेन्सर परत आलाय. तुम्हाला बदलायचाच असेल, तर जरूर बदला. पण आधी दुकानात गाडी चालू करून दहा मिनिटं तिच्या मागे उभे राहा. तुम्हाला नाही झेपलं, तर कुणाच्या आजीला कसं झेपेल?

घेण्याआधी हे बघा

• बेंड पाइपचं माप मोजूनच घ्या. गॅस्केट नवी हवी आणि ब्रॅकेट मूळ जागी बसायला हवा.

• डीबी किलर असलेलाच घ्या आणि तो काढू नका. आतली ग्लासवूल जळत गेली की आवाज वाढत जातो, म्हणून ती बदलता येते का तेही विचारा.

• स्टेनलेस स्टील थोडं महाग, पण पावसाळ्यात टिकतं. साधं लोखंड क्रोमखालून गंजतं.

• नळकांडं सॅडलबॅगला किंवा मागच्याच्या पायाला लागत नाही ना, बसून बघा.

• बीएस-६ गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे आहे ते विचारा. तो काढावा लागत असेल, तर सौदा रद्द!

• १७५ सीसीवरच्या मोटरसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबलची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे नियम मोडल्यास कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. शिवाय लायसन्सही ३ महिने जाऊ शकतं.

• मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका. मी दिला नव्हता, म्हणून वाचलो!