अजिंठ्याला जाताना सोबतचा पुठ्ठा

गेल्या वर्षी आम्ही चौघे बांधव दोन मोटारसायकलींवर बुलढाण्याहून अजिंठ्याला गेलो. घाट उतरून फर्दापूरला पोहोचल्यावर कळले, लेणी सोमवारी बंद! दिवसाची मजुरी बुडाली, पेट्रोल गेले ते वेगळेच. मोबाईलवर पाहू म्हणत कुणीच पाहिले नव्हते.

यंदा जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर सारे लिहिले आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाकीच्या कव्हरमध्ये ठेवले. वर ठळक अक्षरांत: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. गाडी फर्दापूर फाट्यावर लावायची, पुढचे सुमारे ४ किलोमीटर एस.टी.ने. खाली प्रत्येकाचा रक्तगट, घरचा नंबर, ११२ आणि १०८. पण चालवणाराच पडला तर पुठ्ठा कुठे आहे हे सांगणार कोण? म्हणून दुसरी प्रत मागे बसणाऱ्याच्या खिशात. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी, हेही टिपले. दीक्षाभूमीला निघताना उपयोगी पडेल.

शेवटची ओळ आमच्यातल्या एकाच्या आईने लिहायला लावली. त्या पूर्वी जाऊन आल्या आहेत. ‘२६ नंबरचे लेणे पार टोकाला आहे, पाय दुखले म्हणून अर्ध्यातून फिरू नका.’ खरेच आम्ही फिरणार होतो. त्या ओळीमुळे तथागतांच्या सुमारे ७ मीटर लांबीच्या महापरिनिर्वाण मूर्तीपुढे उभे राहून वंदना घेता आली.