कोणत्या लष्कराच्या?

लष्कराच्या भाकरी भाजणं असं म्हणतात, तर त्या नेमक्या कोणत्या लष्कराच्या? पेशव्यांच्या, की नागपूरकर भोसल्यांच्या? भोसल्यांच्या असतील, तर आमच्या धानाच्या मुलखातून जाताना त्यांना भाकरी मिळत होत्या का? नवेगाव बांधला रोजचं जेवण म्हणजे भात. माझ्या लहानपणी मोहल्ल्यात नीट भाकरी थापणाऱ्या बायका दोन-तीनच. म्हणजे ही म्हण आमच्याकडे पाहुणी म्हणूनच आली असणार. तरी ती आईच्या तोंडात कायम असायची, आणि तिचा रोख बहुतेक माझ्याकडे असायचा.

हल्ली ती पुन्हा डोक्यात बसली आहे.

तिच्यात भाजणारा मूर्ख ठरतो, खाणारा नाही. लष्कराला कोणी काही म्हणत नाही. पानिपतावर १७६१ साली लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, व्यापारी, नोकरचाकर असे किती तरी लोक होते. इतिहास त्यांना बुणगे म्हणतो, आणि पराभवाच्या खापराचा एक मोठा तुकडा त्यांच्या डोक्यावर फोडतो. ‘बाजारबुणगे’ ही तर आजही शिवीच आहे. म्हणजे चूल पेटवणाऱ्याला भाषेनं दोनदा हाणलं, एकदा म्हणीत आणि एकदा शिवीत. उपाशी पोटी कोण किती लढलं असतं, ते मात्र कोणी विचारत नाही.

मी तर भाकरी भाजायलाही गेलो नव्हतो. भाजणाऱ्याला पीठ मळून द्यायला गेलो होतो.

२०२१ च्या डिसेंबरात, ३ ते ५ तारखांना, नाशिकला ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष जयंत नारळीकर. माझा शाळेपासूनचा मित्र तिकडे स्थायिक झालेला, त्यानं स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ आम्ही दोघांनी एकाच प्रतीत, डोक्याला डोकं लावून वाचलं होतं. मी सावकाश वाचायचो, पान उलटायला तो थांबायचा. परदेशात विज्ञानकथांच्या वेड्यांची जत्रा भरते, वर्ल्डकॉन, १९३९ पासून. तिथे राबणारे सगळे हौशी, आणि वर स्वतःच्या प्रवेशाचे पैसेही भरतात. आम्हा दोघांपुरती तशी जत्रा म्हणजे हे नाशिकच. त्यानं फोन केला, “ये, मदत होईल.” कसली ते मी विचारलं नाही.

एसटीचा संप चालू होता. गोंदियापर्यंत एकाच्या मोटरसायकलवर मागे बसून, पुढे विदर्भ एक्स्प्रेसनं रात्रभर. सगळे मिळून साडेसातशेहून जास्त किलोमीटर. नाशिकला पोचलो तर अवकाळी पावसानं सगळं गारठवून टाकलेलं, आणि ओमायक्रॉन हा नवा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी.

मदत अशी होती, की मित्राची आई महिनाभरापूर्वी घसरून पडली होती. पाय प्लास्टरमध्ये. तो आडगावला संमेलनाच्या मांडवात राबणार, तर घरी तिच्यापाशी कोणी तरी हवं. ते कोणी तरी म्हणजे मी.

काकू मूळच्या आमच्याच गावच्या. वीस वर्षं नाशिकला काढून बोली तशीच.

“कायले आलास गा बाबू येवढ्या लांबून?”

“मदतीले.”

“कोनाच्या?”

“याच्या.”

“आन हा काय करते तिकडे?”

“मदतच करते. नारळीकरांचं संमेलन आहे ना.”

“आले का मग ते?”

“नाही. तब्येत बरी नाही त्यांची.”

काकू बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “भात टाक.”

रात्री अकराला मित्र आणि त्याच्याबरोबरची चार पोरं चिखलानं भरलेले बूट दाराशी काढून आत आली. पातेलं पाच मिनिटांत रिकामं. मीठ कमी होतं, कोणी बोललं नाही. संमेलन मी पाहिलं ते शेवटच्या दिवशी, दोन तास. पुस्तकांच्या गाळ्यांत फिरलो आणि परत आलो.

नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. जयंत विष्णू नारळीकर, त्याची आद्याक्षरं उलटी केलेली. डाव्याचं उजवं होण्याची गोष्ट पुढे त्यांनी ‘उजव्या सोंडेचा गणपती’त लिहिली, पण आरशाचा पहिला खेळ त्यांनी स्वतःच्या नावावरच करून पाहिला होता. नाव बाजूला ठेवून आपलं काम किती वजनाचं भरतं, हे त्यांना बघायचं असेल. मला वाटलं होतं, स्वयंसेवकही तेच करतो. आता तसं वाटत नाही. त्यांना नाव होतं म्हणून ते काढून ठेवता आलं.

आमच्या नवेगाव बांधच्या तळ्याची कथा तरी काय आहे? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांध घातला, अकरा चौरस किलोमीटरांच्या आसपास पाणी अडवलं. कथेत त्यांना मदत केली ती सात बहिणींनी, म्हणजे तळ्याभोवतीच्या सात डोंगरांनी. कोलू पाटलांचा पुढे कोलासुर देव झाला, काठावर देऊळ झालं. बहिणींपैकी एकीचंही नाव मला सांगता येत नाही, आणि जन्म इथे गेला. पण पाळीवर बसलं की दिसतं, पाणी अजून त्यांनीच धरून ठेवलंय. पाळ तेवढी माणसाची. ती मातीच्या टोपल्या वाहून उभी राहिली असणार. त्या टोपल्यावाल्यांना दुपारी कोणी रांधून घातलं? देवळात न बसता आलेल्या त्या बाईला वाईट वाटलं असेल, असं मी ठरवून टाकतो. तिला कदाचित फक्त पातेलं घासायची घाई असेल.

मारुती चितमपल्ली या जंगलात राहून गेले आणि पुढे सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा गावाला वाटलं, आपलंच तळं मंचावर बसलंय. मी सोलापूरला गेलो नव्हतो. कोणी मदतीला बोलावलं नव्हतं, आणि नुसतं ऐकायला जावं असं मनातही आलं नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं, आणि फार बरं वाटलं नाही. २०२५ मध्ये महिन्याच्या आत नारळीकर आणि चितमपल्ली दोघेही गेले, २० मे आणि १८ जून.

नाशिकहून निघताना स्टेशनवर मित्र म्हणाला होता, “तुझ्यामुळे जमलं.” मी हसलो. पण गाडी हलल्यावर मनात तिकिटाचे पैसे, बुडालेले पाच दिवस, सगळं एकाखाली एक मांडलं गेलं. त्यानं आभार मानले नसते तर हिशेब झाला नसता, की जास्तच झाला असता?

काकूंनी शेजारणीकडून बाजरीच्या तीन भाकरी करवून फडक्यात बांधून दिल्या होत्या. भुसावळ गेल्यावर सोडल्या. दोन खाल्ल्या. समोरच्या बाकावर सुट्टीवर घरी निघालेला एक जवान बसला होता, हिरवी ट्रंक पायांखाली. तिसरी त्याच्यापुढे धरली.

नको म्हणाला. त्याच्याकडे पुरीभाजी होती.