ताराराणींचा वाडा

कोल्हापुराहून निघालेली एस. टी. वाघबीळ मागे टाकून घाटाला लागली, तेव्हा श्रावणसरीने खिडकीच्या काचा पार धुरकटल्या होत्या. नाक्यावर उतरलो, तो समोर बाजीप्रभूंचा पुतळा निथळत उभा. पन्हाळा म्हटला की शिवरायांच्या सुटकेची, १६६० ची ती पावसाळी रात्र आठवावी हे साहजिकच. परंतु या खेपेस मला दुसऱ्याच एका युद्धाचा, ताराबाईंनी मोगलांशी केलेल्या युद्धाचा, माग काढावयाचा होता.

१८६८ साली जपानातील आइझूच्या लढाईत नाकानो ताकेको ही तरुणी लांब दांड्याचे, वक्र पात्याचे शस्त्र घेऊन बंदुकांना सामोरी गेली आणि धारातीर्थी पडली. वीरांगना म्हणजे हेच चित्र आपल्याही मनात ठसलेले आहे, आणि ताराबाईंना, हंबीरराव मोहित्यांच्या या कन्येला, त्याच चौकटीत बसविण्याच्या हौसेपायी तिचे खरे युद्ध आपण नजरेआड केले, असे माझे मत आहे.

मार्च १७०० मध्ये पती राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या, आणि तख्ताचा धनी, त्यांचा मुलगा, चार वर्षांचा. पुढच्याच वर्षी औरंगजेब जातीने पन्हाळ्याखाली तळ देऊन बसला. इंग्लंडचा वकील विल्यम नॉरिस त्याला याच छावणीत भेटला. मे महिन्यात गड गेला, १७०२ मध्ये विशाळगडही गेला. मात्र तेथून परतताना चिखलाने आणि फुगलेल्या ओढ्यांनी बादशाही फौजेची जी दैना केली, ती कोणत्याही तलवारीला साधली नसती. गड झुंजवावा, शत्रूचा मोसम वाया घालवावा, रोख मोल घेऊन किल्ला खाली करावा, आणि त्याची पाठ फिरताच तो परत घ्यावा. तोवर धनाजी जाधवांनी मोगली मुलखात शिरून रसद तोडावी, असा हा हिशेबी संग्राम होता. खाफीखानासारख्या मोगल इतिहासकारालाही या बाईच्या कर्तबगारीची तारीफ करावी लागली.

अंबरखान्यातील गंगा कोठीत शिरलो. आत दमट गारवा. वर धान्य ओतण्यासाठी छताला ठेवलेली भोके, आणि त्यांतून उतरणाऱ्या फिकट उजेडात पावसाचे थेंब टपटपत होते. शिबंदीच्या पोटाची तजवीज करणाऱ्या या कोठीत मला ताराबाई जितक्या जवळ भासल्या, तितक्या कोणत्याही अश्वारूढ पुतळ्यापाशी भासल्या नाहीत.

१७१० मध्ये त्यांनी येथे राजधानी केली. चारच वर्षांनी सवत राजसबाईंनी आपल्या पुत्राला, संभाजीराजांना, गादीवर बसवून ताराबाईंना मुलासह याच गडावर कैदेत टाकले. ज्या गडासाठी बादशहाशी झुंजल्या, त्याच गडाने त्यांना कोंडले. त्यांच्या वाड्यातील देवघर आवर्जून पाहावे असे आहे. बाकीच्या वाड्यात आता शाळा भरते.

पुढे त्या साताऱ्यास आल्या, आणि पानिपतची वार्ताही ऐकून डिसेंबर १७६१ मध्ये तेथेच वारल्या. त्यांची समाधी पन्हाळ्यावर नाही. ती संगम माहुलीला, कृष्णाकाठी आहे.