कळफलकाची निवड

महसूल खात्यात माझी नोकरी सुरू झाली तेव्हा लेखनाचे साधन निवडण्याचा प्रश्न कोणापुढेच नव्हता; तहसील कचेरीतले रेमिंग्टन रचनेचे मराठी टंकयंत्र ही सरकारी मालमत्ता होती, आणि त्याच्यासमोर जो बसेल त्याने त्याच्या कळांशी आपल्या बोटांचे सख्य जुळवून घ्यावे, एवढीच अपेक्षा असे. त्या यंत्रावर अक्षर उच्चाराच्या क्रमाने नव्हे, तर डोळ्यांना दिसते त्या क्रमाने घडे : ‘कि’ उमटवायचा तर वेलांटी आधी आणि क नंतर, ‘श’ उमटवायचा तर आधी त्याचे अर्धे अंग आणि मग काना. फेरफाराची नक्कल असो, वारसाचा दाखला असो, वा वरिष्ठांकडे जाणारा मसुदा असो, प्रत्येक अक्षर माझ्याच हातून कागदावर पडे आणि त्याच्या शुद्धाशुद्धतेची जबाबदारीही माझ्याकडेच राही. या शिस्तीत आयुष्याचा मोठा भाग गेल्यामुळे, निवृत्तीनंतर फोनवर लिहिण्याची पाळी आली तेव्हा कळफलक हा विषय मला कधीही क्षुल्लक वाटला नाही.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा इतिहास सिद्ध करण्याचे काम कार्यकारी मंडळाने माझ्यावर सोपविले होते. जुनी इतिवृत्ते जीर्ण झालेली, बाहेर नेण्यास मनाई, आणि वाचायची ती कपाटाशेजारच्या लहानशा मेजावर. म्हणून टिपणे तिथल्या तिथे फोनवर करावीत असे ठरले. फोनबरोबर जो कळफलक आला होता त्यात आपण रोमन अक्षरे टंकावीत आणि त्यांचे देवनागरी रूप त्याने सुचवावे, अशी व्यवस्था होती. ही सोय लोकप्रिय का आहे ते मी जाणतो. उद्या येतो, पोहोचलो, तब्येत कशी आहे, एवढे कळविण्यास ती पुरते, आणि ज्यांचे बोट इंग्रजी कळांवर वळले आहे अशा लक्षावधी तरुणांना तिने मराठीत लिहिते ठेवले आहे, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु इतिहासाचा मजकूर नित्याच्या शब्दांनी बनत नाही. तो आडनावांनी, वाड्यावस्त्यांच्या नावांनी आणि व्यवहारातून गेलेल्या शब्दांनी बनतो, आणि अनुमानाने चालणारे साधन अडखळते ते नेमके तेथेच. रोमनमध्ये ल आणि ळ यांना एकच अक्षर, न आणि ण यांना एकच. ऱ्हस्वदीर्घाचा भेदही सामान्यतः कोणी टंकीत नाही. तेव्हा यांपैकी आपणांस कोणते हवे होते हे तो कळफलक शब्दाच्या प्रचारावरून ताडतो आणि विरळ शब्दाच्या जागी प्रचलित शब्द आणून बसवितो. वाचनालयाच्या पहिल्या देणगीदारांत एक कुऱ्हाडे होते. त्यांच्या आडनावातील र हा अक्षराच्या डाव्या अंगाला आडव्या वळणाने येतो. तो डोक्यावर रफार होऊन बसला की आडनावच दुसरे होते. मराठीत हा भेद शोभेचा नाही : आचार्यांना निमंत्रण दिले आणि आचाऱ्यांना निमंत्रण दिले, ही दोन वाक्ये दोन निराळ्या माणसांना बोलावितात, आणि जो कळफलक हा भेद सुखाने करू देत नाही तो मराठीचा कळफलक नव्हे, असे माझे स्पष्ट मत झाले. हीच गोष्ट ॲ या अक्षराची. युनिकोडमध्ये ते 2008 साली आले आणि महाराष्ट्र शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने ॲ व ऑ यांना वर्णमालेत अधिकृत स्थान मिळाले. तरी कित्येक कळफलकांत त्याच्या जागी हिंदीतील ऍ ठेवलेला मला आढळला.

पुण्यास संगणकाच्या व्यवसायात असलेल्या माझ्या पुतणीला मी ही अडचण सांगितली. ती म्हणाली, “काका, तुम्हाला जे अक्षर हवंय तेच उमटायला हवं, तर सुचवणारा कळफलक सोडा आणि अक्षरांचा घ्या.” मग तिने आपल्या जुन्या फोनवर मला ‘स्वरचक्र’ दाखविले. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात घडलेला आणि 2013 साली प्रसिद्ध झालेला हा कळफलक पाहून मला खरोखर आनंद झाला, कारण त्याची मांडणी आपल्या वर्णमालेचीच आहे : व्यंजने वर्गांच्या क्रमाने मांडलेली, आणि एखाद्या व्यंजनावर बोट टेकविताच त्याच्याभोवती काना, मात्रा, वेलांटी, उकार यांचे चक्र उघडते, मग हवे त्या दिशेने बोट सरकविले की अक्षर पुरे होते. शाळेत बाराखडी शिकलेल्या कोणालाही हे शिकविण्याची गरज पडू नये. बोलून टंकण्याची सोयही, जी गूगलने 2017 साली मराठीसह आठ भारतीय भाषांना उपलब्ध करून दिली, मी पाहिली. पण ती वाचनालयाच्या शांततेत उपयोगाची नव्हती.

माझे मन अखेर ‘इन्स्क्रिप्ट’ या रचनेवर स्थिरावले. 1986 साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरविलेली आणि पुढे 1991 च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेली ही रचना डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने देते; क आणि ख, ग आणि घ, त आणि थ यांना एकेक कळ, ल व ळ यांना एक, र व ऱ यांना एक. येथे वेलांटी व्यंजनानंतर येते, म्हणजे जिभेच्या क्रमाने हात चालतो. टंकयंत्रावर मुरलेल्या माझ्या बोटांना हा उलटा क्रम प्रथम जड गेला खरा. पण एकदा सवय झाल्यावर, शब्द मनात उच्चारावा आणि त्याच ओघात तो उमटावा, यातले समाधान मला जुन्या यंत्राने कधी दिले नव्हते.

रचना ठरली, तरी ॲप ठरायचे होते. आणि येथे दुसरा, माझ्या दृष्टीने अधिक गंभीर, प्रश्न उपस्थित झाला. बाहेरून घेतलेला कोणताही कळफलक चालू करताना अँड्रॉइड प्रणाली अशी सूचना देते की, संकेतशब्द व कार्डांचे क्रमांक यांसह आपण टंकलेला सर्व मजकूर हे साधन गोळा करू शकेल. बहुतेक लोक ती न वाचताच संमती देतात. मला ती दुर्लक्षून पुढे जाणे शक्य नव्हते, कारण गोपनीय मसुदे टंकणाऱ्या माणसाला काय काय ठाऊक होते ते मी कचेरीत पाहिले आहे : पत्र कोणाचेही असो, ते प्रथम त्याच्या हाताखालून जाते. 2017 साली ‘एआय.टाइप’ नावाच्या कळफलकाच्या सुमारे 3 कोटी 10 लाख वापरकर्त्यांची माहिती असुरक्षित साठ्यात उघडी पडलेली आढळली. एप्रिल 2024 मध्ये टोरोंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने नऊ कंपन्यांचे चिनी कळफलक तपासले, तेव्हा आठ कंपन्यांच्या कळफलकांत असे दोष निघाले की टंकलेला मजकूर वाटेत तिऱ्हाइताला वाचता यावा. रोमन अक्षरांवरून चिनी शब्द ताडण्यासाठी तो मजकूर दूरच्या यंत्राकडे पाठविला जात होता. हे वाचल्यावर कोणत्याही अनुमान करणाऱ्या कळफलकाविषयी एक प्रश्न मी कायमचा धरून ठेवला : हे अनुमान माझ्या फोनमध्ये होते की अन्यत्र?

पुतणीच्या साहाय्याने मी ‘हेलिबोर्ड’ हे ॲप घेतले. त्याची संहिता कोणालाही तपासण्यास खुली आहे, आणि त्याने मागितलेल्या परवानग्यांच्या यादीत इंटरनेटची परवानगीच नाही. म्हणजे मजकूर बाहेर पाठविण्याचा मार्गच त्याने स्वतःपाशी ठेवलेला नाही. मराठी अक्षरे त्यात इन्स्क्रिप्टच्या वळणाने मांडलेली आहेत. शब्दसूचनेच्या बाबतीत ते मोठ्या कंपन्यांच्या कळफलकांची बरोबरी करीत नाही आणि माझी गती पूर्वीपेक्षा मंद आहे, पण वाचनालयाच्या इतिहासात एकाही देणगीदाराचे नाव अनुमानाने लिहिले गेलेले नाही, आणि या लाभापुढे ती मंदता मला सर्वस्वी मान्य आहे.

वाचकांना माझी विनंती आहे की, कोणताही कळफलक कायम करण्यापूर्वी त्यावर आपले आडनाव, आपल्या गावाचे नाव, एखादा ळ, एखादा ॲ आणि ‘आचाऱ्यांना’ हा शब्द लिहून पाहावा, आणि मग त्याच्या परवानग्यांची यादी उघडून ती शेवटपर्यंत वाचावी.