आधी काय, मग काय?

पहिली-दुसरीच्या वर्कशीटवर एक प्रश्न हमखास असतो. गोष्टीतली पाच-सहा वाक्यं उलटसुलट छापलेली, शेजारी रिकामे चौकोन आणि वर सूचना: 'घटना योग्य क्रमाने लावा'. दिसायला अगदी किरकोळ. पण मूल नुसतं वाचतंय की वाचलेलं त्याला कळतंयसुद्धा, हे ओळखायला फार कामाचा प्रश्न आहे. गंमत म्हणजे आपण तो शिकवतो मात्र पाढ्यांसारखा. पहिलं हे, दुसरं ते, लक्षात ठेव.

उदाहरण घरचंच घेऊ. चिऊ-काऊची गोष्ट. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. मोठ्ठा पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं आणि तो चिऊच्या दारात येऊन हाका मारायला लागतो. चिऊबाई आत बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, कपडे घालते, काजळ-तीट लावते आणि मग कुठे दार उघडते. आता याच्या चिठ्ठ्या करा बरं.

नीट बघितलं तर चिठ्ठ्या तीन जातीच्या निघतात. 'पाऊस आला', 'घर वाहून गेलं', 'काऊ चिऊकडे आला' ही पहिली जात. यांचा क्रम हलत नाही, कारण एक घडलं म्हणून दुसरं घडलं. 'कपडे घातले' आणि 'काजळ लावलं' ही दुसरी जात. यातलं काहीही आधी आलं तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. एकच आजी सोमवारी एक क्रम सांगते आणि मंगळवारी दुसरा. तिसरी जात जरा चावट आहे. चिऊचं घर का टिकलं, तर तिने ते मेणाचं बांधलं होतं, हे आजी कधी कधी शेवटी सांगते. पण बांधलं तर पावसाच्या आधीच ना! म्हणजे सांगण्याचा क्रम वेगळा आणि घडण्याचा वेगळा.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. लेस्ली लॅम्पोर्टने 1978 साली एक पेपर लिहिला. प्रश्न असा की लांबलांबच्या कॉम्प्युटर्सची घड्याळं जर तंतोतंत जुळत नसतील, तर कुठली घटना आधीची हे ठरवायचं कसं? त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या घटनेचा परिणाम दुसरीपर्यंत पोचू शकत असेल, तरच पहिलीला 'आधीची' म्हणायचं. तसं नसेल तर त्या दोघींत आधी-नंतर काही नाही. यालाच पार्शल ऑर्डर म्हणतात. चिऊचं काजळ आणि कपडे म्हणजे तीच भानगड :)

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी भाची. याच गोष्टीच्या वर्कशीटवर तिने काजळ आधी आणि कपडे नंतर लावले. त्यावर लाल फुली. तिला विचारलं, असं का गं? तर म्हणाली, "कपडे आधी घातले तर काजळ लागेल ना त्यांना!" आता यात चूक काय? तिने कारण शोधलं होतं, आणि मिळाली फुली. असं चार वेळा झालं की पोर कारण शोधणं सोडून देतं आणि बाईंच्या मनात काय असेल ते शोधायला लागतं. मला भीती वाटते ती याची.

त्यात मराठीचे आपले खोडसाळपणे आहेतच. 'बाळाला झोपवण्याआधी चिऊने त्याला दूध पाजलं'. इथे झोप कानावर आधी पडते, पण घडते नंतर. लहान मुलं अशा वाक्यात हटकून अडकतात. याउलट 'दूध पाजून झोपवलं' हे चटकन कळतं, कारण वाक्य घटनेच्या मागोमाग चालतं. आणि आपला 'परवा'? तो मागचाही असतो आणि पुढचाही. गेला की जाणार, हे क्रियापद आल्यावर कळणार!

मग शिकवायचं कसं? मला पटलेली पद्धत साधी आहे. सुरुवातीला तीनच चिठ्ठ्या घ्यायच्या, त्याही अशा की ज्यांचा क्रम हलूच शकत नाही. पोराने लावल्या की 'बरोबर' किंवा 'चूक' न म्हणता विचारायचं, "हे आधी का?" उत्तरात 'कारण' किंवा 'म्हणून' आलं तर काम झालं. मग मधली चिठ्ठी काढून घ्यायची. घर वाहून गेलंच नाही, तर काऊ भर पावसात चिऊकडे कशाला आला? भोक कुठे पडलं ते पोरंच सांगतात. त्यानंतर मुद्दाम एक अदलाबदल चालणारी जोडी द्यायची आणि दोन्ही उत्तरं मान्य करायची. 'आधी', 'नंतर', 'तोपर्यंत'वाली वाक्यं सगळ्यात शेवटी.

आणि पोरांना क्रम कळत नाही असं कुणी म्हणालं, तर दोन भावंडांचं भांडण ऐका. कोणी चिडवलं, मग कोणी ढकललं, आणि आई आली ती नेमकी कितव्या फटक्याला, सगळा लॉग टाइमस्टँपसकट हजर! कारण तिथे क्रमावर बरंच काही अवलंबून असतं. वर्कशीटवर नसतं, एवढाच काय तो फरक.